मूळ कारणाची चौकट

आमच्या लाँड्रीचे मालक हॉस्पिटलात आले ते सफरचंदं आणि देव घेऊन. सफरचंदं त्यांनी धाकटीच्या उशाशी ठेवली. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज मऊ करून म्हणाले, "पोरी, मन खट्टू करू नकोस. जगात जे काही घडतं त्याला कारण असतं, आणि सगळ्या कारणांचं कारण तो वर बसलाय. ह्यामागेही त्याची काहीतरी योजना असणार."

धाकटी माझी सख्खी बहीण. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता आणि त्या पट्ट्यांच्या आत अंगठा आणि करंगळी सोडून बोटं उरलेली नव्हती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मी दातओठ खात गप्प बसले, कारण शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीचा नुकताच डोळा लागला होता.

मालकांना सोडायला मी दारापर्यंत गेले. व्हरांड्यात पाय पडला आणि त्यांचा आवाज पुन्हा कामावरचा झाला. "बाई, अपघाताची का-बैठक घ्यावीच लागणार. टाळता येत नाही. मशीनची दांडी तिनेच बांधून ठेवली होती, तुम्हालाही ठाऊक आहे. मूळ कारण तेच निघणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलंगापासून दारापर्यंत येईस्तोवर ह्या माणसाने देवाला पायउतार केलं होतं आणि त्याच्या जागी माझ्या बहिणीला बसवलं होतं. योजना त्याची असेल तर दोष हिचा कसा? आणि दोष हिचा असेल तर त्या योजनेचं काय झालं? पण मालक जिना उतरून गेलेसुद्धा होते, आणि माझा राग माझ्यापाशीच राहिला.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे ट्रक भरून येतात. धुतल्या जातात, पिळल्या जातात, मग एका लांबलचक तापलेल्या रोलरखालून जातात आणि पलीकडे कोरड्या, कडक होऊन बाहेर पडतात. तिथे मावशी आणि तिच्या हाताखालच्या बायका घड्या घालतात. मावशी कुणाचीच मावशी नाही, पण तिला दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. धाकटी रोलरच्या तोंडाशी उभी असायची. चादरीची टोकं धरायची, ताणायची, आणि रोलरला द्यायची. ह्या सगळ्यावर देखरेख माझी. त्याआधी मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते. विषयाला मुलं मिळेनाशी झाली, कॉलेजने विषय बंद केला आणि मी चादरींकडे आले. इथे मला सगळे 'मास्तरीण' म्हणतात, तोंडावरसुद्धा. मला राग चटकन येतो हेही सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जरा अंतर ठेवून म्हणतात.

मालकांनी एका टबापासून हा धंदा उभा केला. त्याबद्दल मला त्यांचा आदर होता, खोटं कशाला बोलू. पण धंदा मार्गी लागल्यावर त्यांना तत्त्वज्ञानाची बाधा झाली. दर सोमवारी काम सुरू होण्याआधी ते आम्हाला रोलरभोवती गोळा करतात आणि देव सिद्ध करून दाखवतात. "ही चादर का सरकते? रोलर फिरतो म्हणून. रोलर का फिरतो? पट्टा ओढतो म्हणून. पट्टा का? मोटर आहे म्हणून. मोटर का? वीज आहे म्हणून. आणि वीज कुठून आली?" असं करत ते धरण, नदी, ढग, समुद्र, सूर्य गाठतात. मग थांबतात, सगळ्यांच्या तोंडांकडे बघतात आणि बोट वर करून म्हणतात, "कुठेतरी असा एकजण पाहिजेच, जो सगळ्यांना हलवतो आणि ज्याला कुणी हलवत नाही. नाहीतर ही चादर हललीच नसती." बायका माना डोलावतात. काम तेवढंच उशिरा सुरू होतं, त्यामुळे माना डोलवायला कुणाची हरकत नसते.

मी एकदाच मध्ये तोंड घातलं होतं. "मालक, प्रत्येक गोष्टीला कारण लागतं ना? मग त्याला का लागत नाही?"

"तो पहिला आहे ना, बाई."

"म्हणजे कारणाशिवाय असणारं काहीतरी असू शकतं, हे तुम्ही मान्य केलंत. मग ते जगच का असू नये? मधला एक मुक्काम तरी वाचेल."

मिस्त्री, म्हणजे आमची मशीन दुरुस्त करणारा, खो खो हसला. मालकही हसले. म्हणाले, "कॉलेजने विषय का बंद केला ते आज कळलं." मग सगळेच हसले, मीसुद्धा. तेव्हा हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं.

मालकांचं दुसरं वेड म्हणजे का-बैठक. कुठल्याशा शिबिरातून शिकून आले. काही जळलं, फाटलं, बिघडलं की सगळ्यांनी कामं सोडून पांढऱ्या फळ्यासमोर बसायचं. वर लिहायचं काय झालं ते. खाली बाण काढायचा आणि विचारायचं, 'का?' उत्तर लिहायचं, परत बाण, परत 'का?' शेवटी जिथे पोचू तिथे लाल चौकट काढायची. चौकटीतलं ते मूळ कारण. पद्धत म्हणून वाईट नाही, मी वर्गातसुद्धा शिकवली असती. फक्त आमच्याकडची लाल चौकट दरवेळी एखाद्या कामगाराभोवतीच पडते. मशीनभोवती पडलेली मी बघितली नाही, आणि मालकांच्या केबिनच्या दिशेने तर बाण कधी वळलाच नाही. चौकटीतलं नाव फोटोसकट हजेरीच्या यंत्राशेजारी महिनाभर लागतं. महिना संपला की तो फोटोही जातो आणि बहुतेक वेळा तो माणूसही. बैठकीला निघालं की मावशी कुजबुजते, "चला, आज कुणाची फ्रेम करताहेत ते बघू."

धाकटीचा फोटो तिथे लागायला नको होता. एवढीच माझी मागणी होती. बोटं परत येणार नव्हती हे मला कळत होतं. पण ज्या भिंतीसमोरून सगळी लाँड्री रोज आत शिरते, त्या भिंतीवर तिचा ओळखपत्रावरचा हसरा फोटो आणि खाली 'मूळ कारण', हे मी जिवात जीव असेपर्यंत होऊ देणार नव्हते.

आणि दांडी तिने बांधली होती हे खरंच होतं. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात आत जायला लागला की आधी त्या दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. सोय चांगली आहे. पण चादर ओली असली की ती रोलरच्या तोंडाशी गोळा होते, तो गोळा दांडीला लागतो आणि मशीन उगाचच थांबतं. पुन्हा चालू करा, पुन्हा गोळा, पुन्हा थांबा. इकडे ओल्या चादरींच्या ट्रॉल्या साचत जातात, तिकडे घड्या घालणाऱ्या बायका हात चोळत उभ्या, आणि केबिनच्या काचेआडून मालक मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवतात. मग फाटक्या चादरीची एक पट्टी फाडायची आणि दांडी मागे बांधून टाकायची. रोलरवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईने ती बांधली आहे. मालक फेरीवर निघाले की गाठ सोडायची, गेले की परत बांधायची. हे मला दिसत होतं, मिस्त्रीला दिसत होतं, आणि मालकही काही आंधळे नव्हते.

त्या दिवशी दांडी बांधलेली होती, चादर गोळा झाली, आणि धाकटीने ती सोडवायला हात घातला. एवढंच झालं.

आता चादरी इतक्या ओल्या का यायच्या, तर नवं हॉटेल मिळालं, कपडा वाढला, आणि मालकांनी पिळायच्या मशीनचा वेळ कमी करायला लावला म्हणून. "रोलर आहेच की तापलेला, वाळतील तिथे," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. मिस्त्रीने नाक मुरडलं आणि वेळ कमी केला. ह्यात काही गुपित नव्हतं. लाँड्रीतल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

धाकटी घरी आली तेव्हा आई आधी रडली, मग भांडी आपटली, मग तिला घास भरवायला बसली. धाकटी घास घ्यायची आणि खिडकीकडे बघायची. देवाशी तिचं लहानपणापासूनचं सख्य. रोज सकाळी ती त्या खिडकीशी डोळे मिटून बसते आणि त्याच्याशी पुटपुटत बोलते. मी तिला त्यावरून आयुष्यभर चिडवत आले आहे. आता मात्र ती बसली की आवाज चढायचा. एका सकाळी स्वयंपाकघरात मला ऐकू आलं, "लाज वाटते का तुला थोडी तरी?" मला वाटलं, आईला बोलतेय. धावत गेले तर ही डोळे मिटून खिडकीपाशी.

"काय म्हणतोय तुझा योजनावाला?" मी विचारलं.

"त्याचं नाव काढू नकोस. आमचं भांडण चालू आहे."

"असता तर उत्तर दिलं असतं त्याने."

"ताई, तुझं ते सुरू करू नकोस हं."

पण मी सुरू केलंच. माझ्या डोक्यात मालक घुमत होते आणि समोर ही होती. "अगं, समजा, दिला कुणीतरी पहिला धक्का. मान्य केलं. म्हणून तो अजून आहे कशावरून? बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करून देणारा माणूस पुढे आपल्या वाटेने जातो. गाडीत कोण बसलंय ते त्याला माहीतही नसतं. मालकांच्या त्या पट्टा-मोटरच्या साखळीतून फार तर एक धक्का निघतो. तो तुला ओळखतो, तुझी काळजी करतो, हे त्यातून कसं निघालं?"

"नाहीच निघत," धाकटी शांतपणे म्हणाली. "मी कुठे त्याला मोटरमधून काढलाय? मोटरच्या मागे बसलाय तो मालकांचा. माझा माझ्यासमोर बसतो. म्हणून तर त्याच्याशी भांडता येतं."

ह्यावर वर्गात मी बरंच काही बोलले असते. माझी नजर त्या हाताकडे गेली. मी विषय बदलला. "बैठकीला तू येऊ नकोस. मालकांना मी बघून घेते. ह्यात तुझा काडीचाही संबंध नाही, हे मी त्यांना पटवून देते."

"काडीचाही नाही?"

"नाहीच मुळी. चादर ओली, मशीन थांबतंय, सगळे ओरडताहेत. तुझ्या जागी कुणीही असती तर हेच झालं असतं."

ती एकदम भडकली. "कुणीही असती तर म्हणजे? दांडी मी बांधली, ताई. मी गाठ मारली. ती दांडी कशाला असते ते मला पक्कं माहीत होतं. ते म्हणतात सगळं मीच केलं, आणि तू म्हणतेस मी काहीच केलं नाही. मी काय त्या मशीनचा पट्टा आहे का?"

"तिला बोलू नकोस गं!" आई बाहेरून ओरडली. आई दरवेळी मलाच ओरडते. मी पाय आपटत तिथून उठले. हिच्यासाठी मी जिवाचं रान करतेय आणि ही माझ्यावरच उखडते, ह्याचा मला संताप आला होता.

बैठकीच्या सोमवारी देव सिद्ध झाला नाही. थेट फळाच पुढे आणला गेला. आम्ही बाकांवर बसलो, ट्रकचे ड्रायव्हर दारात टेकून उभे राहिले. धाकटी आली होती. नको म्हटलं असूनही आली, आणि पार मागे मावशीच्या शेजारी जाऊन बसली. मालकांनी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

वर त्यांनी लिहिलं, 'रोलरमध्ये हात गेला.' बाण. का? 'दांडीने मशीन थांबवलं नाही.' बाण. का? 'दांडी बांधलेली होती.' बाण. का? 'कामगाराने बांधली.' लाल मार्करचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं. चौकट पडली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. वाईट मलाही वाटतं, बाई. पण जे आहे ते आहे."

मी उठून उभी राहिले. "मालक, दर सोमवारी तुम्ही ह्याच चादरीपासून निघून सूर्यापर्यंत जाता. कधी दम लागलेला बघितला नाही. आज निघालात आणि हातभर अंतरावर बसकण मारलीत?"

"कुठेतरी थांबावं लागतंच."

"कुठे थांबायचं ते कोण ठरवतं?"

"जिथे पुढे 'का' विचारता येत नाही, तिथे थांबायचं."

"तिने दांडी का बांधली, हे विचारता येत नाही? मावशीला विचारता येईल. मिस्त्रीला येईल. दारातल्या ड्रायव्हरलासुद्धा येईल. तुम्हाला तेवढं येत नाही, कारण उत्तर माहीत आहे."

बाकांवर चुळबुळ झाली. मालकांचे कान लाल झाले. मी थांबणार नव्हते. इतक्या दिवसांचं साचलेलं तोंडाला आलं होतं. "जो सगळ्यांना हलवतो आणि ज्याला कुणी हलवत नाही. हे तुम्ही कुणाबद्दल म्हणता? आता फळ्यावर बघा. ह्या चौकटीतल्या बाईला कुणी घाई केली नाही. तिच्यावर कुणी खेकसलं नाही. चादरी ओल्या नव्हत्या. तिच्या मागे काही म्हणजे काहीच नव्हतं. ती आपली आपण हलली आणि तिच्यापासून सगळं सुरू झालं. तुम्ही माझ्या बहिणीला देव करून टाकलंत, मालक! आणि आता देवाला कामावरून काढणार आहात!"

ह्या वेळी मिस्त्री हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

मालक चिडले होते, पण माणूस मूर्ख नव्हे. त्यांनी लाल मार्करचं टोपण लावलं आणि हात मागे बांधले. "बरं. थांबायचंच नाही म्हणता? मग तुमच्याच मार्गाने जाऊ. तिच्या मागे मिस्त्री. मिस्त्रीच्या मागे मी. माझ्या मागे हॉटेलवाला, त्याला चादरी वेळेत हव्यात. त्याच्या मागे त्याची गिऱ्हाइकं. त्यांच्या मागे आणखी कुणी. पहिला असा कुणी सापडणारच नाही. मग दोष कुणाचा, बाई? कुणाचाच नाही! म्हणून तर पहिला लागतो. एकेका कडीला कारण असतं, तसं अख्ख्या साखळीलाही एक असणारच."

"इथली एकेक चादर एकट्या मावशीला उचलवते," मी म्हटलं. "म्हणून तो अख्खा ढीग ती एकटी उचलेल का?"

"नको गं बाई," मावशी मागून म्हणाली. "माझी कंबर गेलीय." लोक हसले, आणि मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. ती हवीच होती, कारण मालकांचा प्रश्न बिनतोड होता. पहिला नसेल तर दोष कुणाचा? वर्गात एखाद्या मुलाने असं विचारलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. इथे मलाच उत्तर द्यायचं होतं.

"पहिला कशाला हवाय?" मी म्हणाले. "ह्या लाँड्रीत आलेली पहिली मळकी चादर कुठली, सांगा बघू. इथून धुऊन जाते, मळून येते, परत जाते. पहिली शोधत बसलो तर एकही धुऊन व्हायची नाही. समोर येईल ती धुवायची. मला जगातला पहिला नको. ज्याला ज्याला 'नको' म्हणता आलं असतं आणि ज्याने म्हटलं नाही, तो तो मला फळ्यावर हवा. मग तुमच्या मागे कितीही लोक असू देत. ते आहेत म्हणून तुम्ही नाहीसे होत नाही."

कुणीतरी "बरोबर आहे" म्हटलं. मालकांनी कोण ते बघितलं आणि तो आवाज पुन्हा आला नाही.

"बोलून झालं?" ते म्हणाले. "इथे वर्ग चाललेला नाही. चौकट पडलेली आहे. दुपारपर्यंत नाव लागेल. उठा, कामाला लागा."

बघा, हे असं असतं. वाद मी जिंकले होते. तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की मी जिंकले होते. आणि तरी फोटो लागणारच होता. मी परत बाकावर बसले.

तेवढ्यात धाकटी उठली. बाकांमधून वाट काढत फळ्यापाशी गेली. काळा मार्कर तिने डाव्या हाताने उचलला, दातांनी टोपण ओढून काढलं. चौकटीतलं 'कामगाराने' तिने खोडलं आणि वर लिहिलं, 'मी'. डावा हात, सवय नाही. पहिलीतल्या मुलाने काढावं तसं अक्षर आलं. मग त्याच मार्करने तिने लाल रेघ फोडून खाली बाण काढला.

"दांडी मी बांधली," ती म्हणाली. "ते माझं. ते मी कुणाला देणार नाही, ताईलासुद्धा नाही. पण मी शेवट नाही. पुढे विचारा."

तिने मार्कर मालकांपुढे धरला. "पुढचं तुम्ही लिहा."

मालकांनी मार्कर घेतला. मला खरंच वाटलं, हा माणूस आता लिहील. एका टबापासून सुरुवात केलेला माणूस आहे, कधीकाळी ह्याचेही हात भाजले असतील. त्यांनी लिहिलं. सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं, 'ईश्वरेच्छा'.

"ह्यापुढे माणसाचं काही चालत नाही, पोरी," ते मऊ आवाजात म्हणाले. हॉस्पिटलातला तोच आवाज. "तू श्रद्धावान आहेस. तुझ्या बहिणीला नाही कळायचं, तुला कळेल."

माझ्या तोंडाशी शिवी आली. मावशी केव्हा पुढे येऊन बसली होती कोण जाणे, तिने माझं मनगट गच्च धरलं. जिथे अडेल तिथे हा माणूस देवाला पुढे करणार होता, आणि ज्या बाईची बोटं गेली तिच्याकडूनच त्याला मान डोलवून घ्यायची होती.

धाकटी त्या शब्दाकडे बघत राहिली. तिला इतकं संतापलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. तिने पट्ट्या बांधलेला हात वर केला आणि त्याच हाताने तो शब्द पुसून काढला. ओठ चावत पुसला. पट्टीवर काळा डाग पडला.

"हे अक्षर तुमचं होतं," ती म्हणाली. "त्याचं नव्हतं. त्याचा आणि माझा काय तो हिशोब आम्ही घरी करतोय, रोज, तोंडावर. मी त्याला वाट्टेल ते बोलते. तो ऐकून घेतो. तुमच्यासारखा दुसऱ्याच्या मागे जाऊन लपत नाही."

मालकांनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने मान वळवली. त्यांनी दाराकडे बघितलं, तर ड्रायव्हर तिथेच उभे. बायकांपैकी एकही उठली नव्हती. धाकटी त्यांच्यासमोरून हलली नाही. तिचा हात दुखतोय हे तिथे बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं, आणि मालकांनाही दिसत होतं.

ते फळ्याकडे वळले आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'पिळायचा वेळ कमी झाला होता.'

"आपोआप?" धाकटीने विचारलं.

मालकांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'वेळ मी कमी केला.' लाल मार्करला त्यांनी हात लावला नाही. ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्त्री तेवढा उठून पिळायच्या मशीनकडे गेला. धाकटी येऊन माझ्याशेजारी बसली. तिला काहीतरी म्हणावं म्हणून मी शब्द जुळवत होते, इतक्यात तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

"ताई, बोटं नाहीत तिथेच दुखतंय गं," ती म्हणाली. "असं का?"

मी तो हात उचलून माझ्या मांडीवर घेतला.